सिस्टरची वीस मिनिटे

खडकवासल्याच्या धरणाचे पाणी पुणेकरांच्या नळाला जाते, पण क्लोरीन घातल्यावाचून जात नाही. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणून ते निर्धोक ठरत नाही. दवाखान्यातल्या कात्री-चिमट्यांचेही तसेच आहे. रक्ताचा डाग दिसत नसला तरी त्यांवर रोगजंतू असू शकतात. ते मारण्याचे काम बहुतेक ठिकाणी सिस्टरच्या हातून होते.

हे काम आमच्या माता-भगिनींनी समजून घेतले पाहिजे. वापरलेली हत्यारे प्रथम १० मिनिटे क्लोरीनच्या पाण्यात बुडवतात. १ लिटर पाण्याला १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, हे प्रमाण. मग ब्रशने घासून धुतात; सांध्यात रक्त राहिले तर पुढचे औषध आत पोचत नाही. उष्णता सोसणारी हत्यारे १२१ अंशाच्या वाफेत जातात. अनेक दुर्बिणी ती वाफ सोसत नाहीत. त्या २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये किमान २० मिनिटे ठेवतात. चिवट जंतुबीजेही मारायची तर ८ ते १० तास. शेवटी निर्जंतुक पाण्याने धुतात, कारण औषधाचा अंश अंगात गेला तर तोही अपाय करतो.

ही वीस मिनिटे कोणाच्या जिवाची? ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच डॉक्टरने ८३ गरीब बायकांची कुटुंबनियोजनाची ऑपरेशने काही तासांत उरकली. त्यानंतर १३ जणी दगावल्या. दोष औषधगोळ्यांचा की जंतुसंसर्गाचा, यावर वाद झाला. पण हिशेब साधा आहे: एकाच दुर्बिणीने ८३ ऑपरेशने करायची, तर नुसत्या बुडवण्यालाच २७ तासांहून अधिक वेळ लागतो! २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

म्हणून सिस्टरवर खेकसू नका. तिला वेळ आणि हत्यारांचा दुसरा संच मिळावा, म्हणून बोला. या औषधाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, दम्याचा विकारही जडू शकतो. हातमोजे, चष्मा, झाकणाचे भांडे आणि हवेशीर खोली हा तिचा हक्क आहे. आमच्या वस्त्यांतल्या कितीतरी लेकी आज याच नोकरीत आहेत.

आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी पुण्यात गेल्या. सेवेचा हा वारसा सांगणाऱ्या समाजाने सेवा करणारीलाही जपले पाहिजे. ऑपरेशनपूर्वी नम्रपणे जरूर विचारा, "सिस्टर, हत्यारे निर्जंतुक केली ना?" असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. बाबासाहेबांनी आम्हाला प्रश्न विचारायलाच शिकवले आहे.