ज्ञानाचे राखणदार की मालक?

मंडळी, आज आपण तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न एका व्हिडिओ गेममधून समजून घेणार आहोत. प्रश्न असा : घातक ज्ञान कुणाच्या हाती असावं?

‘फॉलआउट’ ही गेममालिका १९९७ साली सुरू झाली. तिच्या कथेत २०७७ साली अणुयुद्ध होतं आणि अमेरिकेची राखरांगोळी होते. युद्धाच्या तोंडावर कॅलिफोर्नियातल्या मारिपोसा लष्करी तळावरच्या सैनिकांना कळतं की, इथले शास्त्रज्ञ माणसांवर विषाणूचे प्रयोग करताहेत. कॅप्टन रॉजर मॅक्सनच्या नेतृत्वाखाली ते बंड करतात. पुढे त्यांचीच ‘ब्रदरहुड ऑफ स्टील’ ही संघटना होते. तिची रचना मध्ययुगीन लढाऊ पंथासारखी आहे. लढायला नाइट आणि पॅलाडिन, ज्ञान सांभाळायला स्क्राइब, सर्वांच्या वर एल्डर. जुनं तंत्रज्ञान शोधायचं आणि आपल्या ताब्यात ठेवायचं, हे त्यांचं व्रत.

आता बघा, या संघटनेचा जन्म लोभातून झालेला नाही, सदसद्विवेकातून झालेला आहे. त्यांची भीतीही खोटी नाही. तंत्रज्ञानानेच तर जग जाळलं. मग चूक कुठे झाली?

ते म्हणतात, लोक अजून लायक नाहीत. ठीक आहे. पण लायक होणार कसे? पाण्यात उतरू न देता ‘तुला पोहता येत नाही’ म्हणण्यासारखंच आहे हे. ज्याला ज्ञान नाकारलं तो अडाणी राहतो, आणि त्याचं अडाणीपण हाच नकाराचा पुरावा ठरतो. हा युक्तिवाद कधीच खोटा पडू शकत नाही, आणि आमच्या मते हाच त्याचा दोष आहे. शिवाय लोकांना धोकादायक असलेली शस्त्रं यांच्या स्वतःच्या हातात मात्र सुरक्षित! तळे राखील तो पाणी चाखील, दुसरं काय?

संघटनेच्या आतही हा वाद पेटतो. २००८ सालच्या ‘फॉलआउट ३’मध्ये एल्डर लायन्स वॉशिंग्टन परिसरातल्या सामान्य माणसांच्या रक्षणाला महत्त्व देतात, तेव्हा त्यांचेच काही सैनिक ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून फुटून निघतात. २०१० सालच्या ‘न्यू व्हेगस’मध्ये पराभूत झालेली एक तुकडी बंकरमध्ये दडून बसली आहे. व्हेरोनिका ही त्यांचीच स्क्राइब एल्डरना विनवते की, दारं उघडा, नाहीतर आपण संपू. एल्डर ऐकत नाहीत.

प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातल्या रक्षकांना खासगी मालमत्ता नाकारली होती, ती उगीच नाही. राखणदार आणि मालक यांत फरक एवढाच, की राखणदाराला हिशेब द्यावा लागतो. ब्रदरहुड बाहेरच्या कुणालाही हिशेब देत नाही.

तेव्हा ‘हे तुमच्या भल्यासाठीच तुमच्यापासून दूर ठेवलंय’ असं कुणी म्हणालं, तर आपण दोन गोष्टी विचाराव्यात : कधीपर्यंत? आणि तुम्हाला जाब कोण विचारणार?