*ऊन वाढलं की लाल कोळी वाढते: पान उलटं करून बघा*



अरबस्तान, इराकमध्ये खजुराच्या हिरव्या घडावर बारीक कोळी पडते. ती जाळी विणते, जाळीवर धूळ बसते आणि फळ भुरकट, कडक होऊन वाया जातं. तिकडे या रोगाला 'गुबार' म्हणतात, म्हणजे धूळ. हा शब्द आपल्या परभणीलाही नवा नाही.

आपल्याकडे खजूर थोडकाच. पण याच कुळातली लाल कोळी उन्हाळ्यात आपल्या वांगी, भेंडी, झेंडूवर येते.

*ऊन आणि कोळीचं गणित*
कोळी हा कीटक नाही, तिला आठ पाय असतात. २० अंश तापमानाला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला अडीच-तीन आठवडे लागतात. ३० अंशाला तेच काम आठ-दहा दिवसांत होतं. हवा कोरडी असली की तिचं आणखी फावतं. जोराचा पाऊस तिला धुऊन काढतो.

म्हणून धोका फक्त एप्रिल-मेपुरता नाही. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाचा असा खंड पडला की खरिपातही कोळी डोकं वर काढते.

*ओळखायची कशी?*
▪️ पानावर पांढरट-पिवळे बारीक ठिपके, नंतर पान तांबूस
▪️ पानाखाली बारीक जाळी
▪️ पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर कोळी आहे.
▪️ धुळीच्या रस्त्याकडची ओळ आधी बघा.

*काय करायचं?*
✅ पिकाला पाण्याचा ताण देऊ नका, युरिया जास्त टाकू नका.
✅ जास्त लागलेली पानं तोडून नष्ट करा.
✅ सुरुवातीला पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. पारा ३५ च्या वर असेल तर गंधक नको, पानं करपतात. तेलासोबतही मिसळू नका.
✅ वांग्यावर प्रादुर्भाव वाढला तर स्पायरोमेसिफेन २२.९ टक्के, ८ मिली १० लिटरला. फवारा पानाच्या खालून बसला पाहिजे. तेच औषध लागोपाठ नको.

❌ *सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन मारू नका.* कोळी खाणारे मित्रकीटक मरतात, कोळी उरते आणि दुप्पट जोमाने वाढते. खर्चही जातो, पीकही जातं.

डब्यावरचं लेबल वाचा. आपलं पीक त्यावर नसेल तर औषध घेऊ नका. फवारणी आणि तोडणीमधले दिवस पाळा, माल बाजारात जायचा आहे.

शंका असेल तर पानाच्या *खालच्या* बाजूचा फोटो ग्रुपवर टाका, किंवा पान घेऊन वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तज्ज्ञांना दाखवा. आधी खात्री, मग फवारणी.