आपल्याच दगडाचे बेट

वारंगा फाट्यावरून नांदेडकडे जा, हिंगोलीकडे जा किंवा उमरखेडच्या रस्त्याला लागा. रस्त्याच्या कडेला कुठे मुरूम खोदलेला असला की त्याखालून काळा पाषाण डोकावतोच. आपल्या विहिरी याच पाषाणात फोडलेल्या आहेत, आपली कापसा-सोयाबीनची काळी जमीन त्याच्याच झिजेतून तयार झालेली आहे आणि औंढा नागनाथाच्या मंदिराचे जोतेही त्याचेच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून हा दख्खनचा पठारी प्रदेश घडला, एवढे आपण शाळेत शिकलो. ती आग पुढे कुठे गेली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

भूशास्त्रज्ञांचे प्रचलित मत असे, की ती आग आपल्या जागी राहिली आणि आपणच सरकलो. भारताचा भूखंड उत्तरेकडे वाहत गेला आणि त्याच्या मागे, समुद्राच्या तळाला भोक पाडत, त्याच अग्निस्रोताने लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांचे पाये रचले. सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी त्याने मॉरिशस वर काढले आणि आज तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली धुमसतो आहे. तेथील पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा ओकतो. म्हणजे आपल्या आडातला दगड आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावरचा दगड ही एकाच चुलीवरची भाकरी. एक फार आधी भाजलेली, दुसरी अलीकडची.

भूगोलाचा हा पाठ एका डॉक्टरने का द्यावा? कारण अलीकडे तपासणीच्या टेबलावर झोपलेला रुग्ण रक्तदाबाचा पट्टा सुटता सुटता विचारतो, “डॉक्टरसाहेब, पोरगं मॉरिशसला चला म्हणतंय. शुगर हाय, जमंल का?” मुले पुण्या-हैदराबादेत कमावू लागली, आईवडिलांना एकदा तरी विमानात बसवावे असे त्यांना वाटते, आणि मॉरिशस हे नाव सर्वांत आधी ओठांवर येते. माझे उत्तर बहुधा ‘अवश्य जा’ असेच असते. त्या उत्तरामागची कारणे आणि अटी दवाखान्याच्या गर्दीत सांगता येत नाहीत, म्हणून येथे सांगतो.

पहिली गोष्ट, हे बेट लहान आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्रफळ आणि लोकसंख्या मात्र जवळजवळ आपल्या जिल्ह्याएवढी. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला मोटारीने फार तर दोन तास. त्यामुळे रोज मुक्काम बदलण्याची, पहाटे चारला बॅगा बांधण्याची दगदग नाही. एका ठिकाणी राहून रोज वेगळी दिशा धरता येते. साठी ओलांडलेल्या माणसाला हे फार मोठे सुख आहे. मुंबईहून विमान सुमारे सहा तासांत पोहोचते आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे चालते. युरोप-अमेरिकेच्या प्रवासात इन्सुलिनच्या वेळांचे जे गणित मांडावे लागते, ते येथे जवळजवळ लागतच नाही. फक्त इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. सामान हरवले तर कपडे दुसरे मिळतात. आणि विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठून निकामी होण्याचा धोकाही असतो.

ऋतू उलटे आहेत, हे विसरू नका. आपल्याकडे मे महिन्यात डोके तापत असते तेव्हा तेथे थंडीची चाहूल लागलेली असते. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील उन्हाळा आणि वादळांचाही काळ. शाळेची मे महिन्याची सुट्टी म्हणूनच कुटुंबाला फार सोयीची.

आता त्या भूमीचे रूप. बेटाच्या मध्यावर उंच पठार आहे आणि त्यावर क्युरपीप हे गाव वसले आहे. गावाच्या अंगालाच त्रू ओ सेर्फ नावाचे ज्वालामुखीचे विवर आहे. त्याच्या काठाने फेरी मारताना मला लोणार आठवले. पण लोणारचे विवर आकाशातून पडलेल्या अशनीने पाडलेले, हे पृथ्वीच्या पोटातून फुटलेले. आत आता दाट झाडी वाढली आहे. काठावरचा रस्ता सपाट आहे. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनीही सकाळी तेथे फिरून यावे. नैऋत्येला शामारेल येथे लाल, तपकिरी, जांभळ्या, पिवळट मातीच्या उघड्या टेकड्या आहेत. पर्यटक त्यांना ‘सात रंगांची माती’ म्हणतात. पाषाण कुजून लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगे मागे उरली, त्यांचे ते रंग. आपला काळा दगड कुजून काळी माती झाली, तेथे पावसाच्या वेगळ्या प्रमाणाने त्याच कुळीच्या दगडाची लाल झाली. शेतकऱ्याला हे पाहताना जेवढा आनंद होईल, तेवढा छायाचित्रे काढणाऱ्याला होणार नाही.

त्याच दिशेला समुद्रात घुसलेला ल मॉर्न हा उभा कडा आहे, उंची ५५६ मीटर. मळ्यांतून पळालेले गुलाम त्यावर लपून राहत. २००८ साली तो जागतिक वारसा ठरला. पायथ्याची वाट सोपी आहे, पण वरचा भाग हातापायांनी चढण्याचा आहे. हृदयविकाराच्या रुग्णांनी आणि ज्यांनी गेल्या वर्षभरात फाट्यापासून गावापर्यंतसुद्धा पायी अंतर कापलेले नाही अशांनी अर्ध्यावरून परतावे. अर्ध्यावरूनही खाली पसरलेला निळा समुद्र पुरेसा दिसतो.

समुद्राविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर दूरच फुटतात आणि आतले पाणी उथळ, शांत, तळाची पांढरी वाळू दाखवणारे राहते. दक्षिणेला सुयाक गावाजवळ ग्री-ग्री येथे ती भिंत नाही. तेथे लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतात. ते दृश्य बघण्याचे आहे, पाण्यात उतरण्याचे नाही. जेथे प्रवाळाच्या भिंतीला खिंड असते तेथेही पाणी जोराने बाहेर ओढले जाते. आपल्याकडची मुले पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात आणि आपण पट्टीचे पोहणारे आहोत असे त्यांना वाटते. विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राचे पाणी चालते. तरुण मुलांना हे निघण्यापूर्वी घरीच बजावा, कारण किनाऱ्यावर मित्रांसमोर ती ऐकत नाहीत. स्थानिक माणूस ‘येथे नको’ म्हणाला की तेथे नको.

मधुमेह्यांनी वाळूवर आणि पाण्यातही अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेल्या वाळूने फोड आला तरी कळत नाही आणि प्रवाळाने कापलेली जखम लवकर चिघळते. रबरी तळव्याचे, पाण्यात घालायचे बूट घ्या. या पाण्यात दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो. त्याच्या काट्यावर पाय पडला तर असह्य वेदना होतात. अशा वेळी पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. पाणी किती गरम आहे हे मात्र दुसऱ्याने हात घालून ठरवावे. बधिर पायाला ते कळणार नाही. ज्यांना गाडी लागते त्यांना बोट हमखास लागते. गोळी बोटीत चढण्यापूर्वी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नव्हे.

मॉरिशसला केवळ किनारा पाहून परतणारे अर्धेच मॉरिशस पाहतात असे माझे मत आहे. उसाच्या फडांतून जाणारा रस्ता धरा. फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतील. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचलेले ते दगड. आपल्या धुऱ्यावर आजोबांनी रचलेला दगडांचा बांध ज्याने पाहिला आहे, त्याला या ढिगांमागचे श्रम वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर या बेटावर आणले गेले. बहुसंख्य बिहार-उत्तर प्रदेशाकडचे. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागांतील मराठी माणसेही होती. पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाटावर ज्या दगडी पायऱ्यांनी ती वर चढली, त्या आजही आहेत. जवळच रुग्णालयाच्या जुन्या इमारतीचे अवशेष आहेत. मी तेथे इतरांपेक्षा जास्त वेळ उभा होतो.

उत्तरेला गॅब्रिएल आणि फ्लॅट ही दोन लहान बेटे आहेत. आज पर्यटक तेथे शिडाच्या बोटीने जाऊन दिवसभर पोहतात, भाजलेले मासे खातात. १८५६ साली कॉलऱ्याच्या भीतीने भारतातून आलेल्या मजुरांना तेथेच उतरवून ठेवले होते. पुरेसे अन्न, पाणी, निवारा नसताना त्यांतील कित्येक जण तेथेच मेले. साथ रोखण्यासाठी माणसे वेगळी ठेवणे आवश्यक असते. वेगळी ठेवलेली माणसे ही माणसेच असतात, याचे भान मात्र तेव्हा सुटले होते. त्या बेटांवर जाणार असाल तर मुलांना हेही सांगा.

पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर आणि मधल्या वाक्वा भागांत मराठी वस्ती आहे. कास्काव्हेलसारख्या गावांत मराठी आडनावे भेटतात, फक्त लिहिण्याची तऱ्हा फ्रेंच-इंग्रजी वळणाची. वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावात १८९६ साली पहिला गणपती बसला असे तेथे सांगतात. आज गणेश चतुर्थीला संपूर्ण देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी ‘झाकरी’ होऊन तेथे टिकली आहे. घरात बोली क्रिओल, पण आरती मराठी. वयस्कर माणसे आपल्या तोंडचे मराठी ऐकून क्षणभर गप्प होतात आणि मग जपून एकेक शब्द काढतात. तेथील डाळपुरी आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण आहे. ती दोन-दोनच्या जोडीने मिळते. मधुमेह्यांनी जोडी वाटून खावी.

याचे कारण विनोदाचे नाही. मॉरिशसमध्ये आज साधारणपणे पाच प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे. १९८७ मध्ये तेथे झालेली पाहणी जगभरच्या डॉक्टरांनी अभ्यासली, कारण भारतीय, चिनी आणि आफ्रिकी वंशाच्या क्रिओल अशा सर्वच लोकांत मधुमेहाचे प्रमाण जवळपास सारखे जास्त आढळले. ‘आमच्या रक्तातच साखर आहे’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी यावर विचार करावा. उसाचे फड हातांनी तोडणारी पिढी गेली, पुढची पिढी खुर्चीत बसली, ताटातला भात आणि मैदा मात्र तेवढाच राहिला किंवा वाढला. आपल्या भागात ट्रॅक्टर आला, दाराशी मोटारसायकल आली आणि ज्वारीच्या भाकरीची जागा गव्हाच्या पोळीने घेतली. माझ्या दवाखान्यातल्या नोंदवहीत तीच गोष्ट वीस-पंचवीस वर्षांत उतरली आहे.

त्या देशाने एक गोष्ट मात्र धडाडीने केली. गोरगरिबांच्या स्वयंपाकात सर्रास वापरल्या जाणाऱ्या तेलात पामतेलाचा भरणा होता. सरकारने त्याच्या जागी बहुतांशी सोयाबीनचे तेल आणले. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, लोकांच्या रक्तातील सरासरी कोलेस्टेरॉल लक्षणीय उतरलेले दिसले. सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या फरसाणाच्या कढईत आज कोणते तेल उकळते, ते तुम्हीच डब्यावर वाचून पाहा.

प्रवासाआधीची एक सूचना राहिली. १८६६च्या सुमारास मॉरिशसमध्ये हिवतापाची भीषण साथ आली होती. १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहणारे रोनाल्ड रॉस दहा वर्षांनी त्याच कामासाठी त्या बेटावर गेले. अखेर १९७३ मध्ये देश हिवतापमुक्त ठरला. पुढे तो परत शिरला आणि पुन्हा हटवावा लागला. म्हणून भारतातून आलेल्या प्रवाशांवर तेथील आरोग्य खाते आजही लक्ष ठेवते. कोणी ताप विचारला, रक्त मागितले तर अपमान मानू नका.

उलट दिशेनेही असेच घडते. २००५-०६ मध्ये चिकनगुनियाने रियुनियन आणि मॉरिशसला ग्रासले आणि त्याच काळात तो आपल्याकडेही पसरला. २००६ मध्ये मराठवाड्यात कंबरेत वाकून, भिंतीला धरून दवाखान्यात शिरणारी माणसे माझ्या पिढीचा डॉक्टर विसरलेला नाही. २०२५ मध्ये रियुनियनला त्याने पुन्हा उचल खाल्ली आणि मॉरिशसमध्येही रुग्ण आढळले. तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम दिवसाही वापरा. हा डास उजेडी चावतो. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप भरला, सांधे धरले, तर दुकानातून गोळी आणून दाबू नका. डॉक्टरकडे जा आणि त्याने विचारण्यापूर्वीच सांगा, की आपण मॉरिशसला जाऊन आलो आहोत.