मोटारीतील दूरध्वनी : एका धान्य-व्यापाऱ्याचा आराखडा

प्रतिवर्षी या स्मरणिकेतून आपले सभासद बंधू भाव, वजने, कर आणि कायदे यांविषयी लिहीत असतात. आम्हीही पूर्वी एकदा गोदामातील किडीविषयी चार पाने खर्ची घातली होती. यंदाचा आमचा विषय संपादक मंडळाच्या कानी घातला तेव्हा मंडळातील एक-दोघांस हसू आवरले नाही. मोटारीत नवे ध्वनियंत्र, म्हणजे बाजारात ज्यास स्टिरिओ म्हणतात ते, बसविणे, त्यास खिशातील मोबाइल जोडणे आणि हे सर्व काम मेकॅनिककडे न नेता घरच्या घरी करणे, असा तो विषय. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि साठी ओलांडलेल्या धान्याच्या व्यापाऱ्याने विजेच्या तारांत हात घालावा, हे हसण्याजोगे आहे खरे. परंतु आम्हांस या उद्योगास लावणारे निमित्त हसण्याजोगे नव्हते.

२०२४ सालच्या जुलै महिन्यात, भर पावसात, आम्ही आमच्या २००८ सालच्या मारुती ८०० मोटारीतून डिचोलीहून अस्नोड्यामार्गे पेडण्यास निघालो होतो. वाटेत पेडण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. व्यापाऱ्याच्या हाडी मुरलेल्या सवयीप्रमाणे तो आम्ही उचलला. मोबाइल कान आणि खांदा यांमध्ये धरलेला, उजवा हात चक्रावर, डावा गिअरवर. वर टपावर पावसाचा ताशा. गिऱ्हाइकाने तांदळाची मागणी सांगितली, ती आम्ही मनाशी घोकत असतानाच वळणावर छत्री धरून सायकल चालविणारा एक शाळकरी मुलगा समोर आला. आम्ही ब्रेक दाबला, मोटार घसरली आणि जांभ्या दगडाच्या गटारापाशी येऊन थांबली. मुलगा पडला, सुदैवाने त्यास खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. आम्ही थरथरत खाली उतरलो. मुलाने आमच्या तोंडाकडे पाहिले नाही, आमच्या हातातील मोबाइलकडे पाहिले. ती नजर आम्हांस अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी आमचा टेम्पो पेडण्यास साठ पोती घेऊन गेला. गिऱ्हाइकाने सात मागितली होती. त्रेपन्न पोती परत आली, भाडे आमच्या अंगावर पडले. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "अहो, गाडीत फोन बंद ठेवला तर काय बिघडेल?" त्या वेळी आम्ही त्यांस उत्तर दिले की, भाव कोणासाठी थांबत नाही. या उत्तराची परीक्षा पुढे झाली, ती यथावकाश सांगू.

कायदा याविषयी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ सालच्या सुधारणेने, वाहन चालविताना हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला गेला असून, पहिल्या अपराधास एक हजार ते पाच हजार रुपये दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम आपण सोसू शकतो. परंतु ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते, म्हणजे मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले तर २८ मीटर रस्ता आपण डोळे मिटून गेलो असाच हिशेब होतो.

म्हणून आम्ही आणि आमचा पुतण्या यांनी एक जुनी खतावणीची वही घेतली आणि आराखडा मांडू लागलो. पुतण्या विद्युत शाखेचा पदविकाधारक आहे. त्याचा स्वभाव प्रथम स्क्रू काढावा व मग विचार करावा असा, आणि आमचा स्वभाव प्रथम नमुना पाहावा, मग भाव विचारावा असा. वही आमच्या हाती असल्यामुळे आमचे चालले.

पहिले मोजमाप खाचेचे. मोटारीतील ध्वनियंत्राच्या खाचेस जर्मन मानकसंस्थेच्या नावावरून डिन असे म्हणतात. एकेरी डिन १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच, दुहेरी तितकीच रुंद पण १०० मिलिमीटर उंच. आमच्या मोटारीस एकेरी खाच आहे. मोबाइलचा नकाशा मोठ्या पडद्यावर दाखविणाऱ्या कारप्ले व अँड्रॉइड ऑटो या सोयी २०१४-१५ पासून आल्या. त्या देणारी बहुतेक यंत्रे दुहेरी असतात. ती बसवावयाची तर डॅशबोर्ड कापावा लागेल. पुतण्या म्हणाला, "काका, कापू की, काय बिघडतं?" सोळा वर्षे इमानाने सेवा केलेल्या मोटारीचे तोंड कापावे हे आम्हांस पटले नाही. शिवाय समोर आणखी एक चमकणारा पडदा आणून लक्ष स्थिर कसे होणार, हेही समजले नाही.

दुसरा मार्ग स्वस्ताईचा. सिगारेट पेटविण्याच्या खोबणीत बसणारे एक लहानसे यंत्र मिळते. ते मोबाइलचा आवाज एफ.एम.च्या मोकळ्या जागी प्रक्षेपित करते आणि मोटारीतील जुना रेडिओ तो पकडतो. आमच्या एका शेजाऱ्याकडे ते आहे, त्यावर गाणी बरी वाजतात. परंतु त्याचा ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, गिअरच्या दांड्याशेजारी राहतो. सात आणि साठ यांचा घोटाळा ज्याने भोगला आहे, त्याने तो माल घेऊ नये.

तिसरा मार्ग आम्ही स्वीकारला : ब्लूटूथ असलेला, बाहेरून जोडावयाचा स्वतंत्र माइक मिळणारा एकेरी डिनचा स्टिरिओ. (दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या एका राजाच्या उपनावावरून हे ब्लूटूथ नाव पडले. राजाने विखुरलेले मुलूख एक केले, यंत्र विखुरलेली साधने एक करते, अशी त्यामागची कल्पना.)

खरेदीपूर्वी एक गोष्ट सभासद बंधूंस आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या धंद्यातीलच आहे. खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" असे ठळक अक्षरांत छापलेले असते. चार पन्नास म्हणजे दोनशे वॅट. आता यंत्राच्या पाठीवरील फ्यूज पाहावा. तो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. मोटारीची वीज १२ व्होल्टची. १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट. दाराशी एकशेवीस वॅट आत जात असताना मागच्या दाराने दोनशे बाहेर कसे येतील? शिवाय आत गेलेल्या विजेपैकी बराच भाग उष्णतेतच जातो. खरा, सतत टिकणारा जोर दर वाहिनीस साधारण वीस वॅटच्या आसपास असतो. खोक्यावरचा आकडा म्हणजे भिजलेल्या गोणीसकट केलेले वजन आहे. काट्यावरचे निव्वळ वजन माहितीपत्रकात आत, बारीक अक्षरांत, आर.एम.एस. या शब्दापुढे असते. तेथे बोट ठेवून दुकानदारास प्रश्न विचारावा. आम्ही विचारला तेव्हा दुकानातील तरुणाने प्रथम आमच्या टोपीकडे पाहिले, मग स्वतः चष्मा काढून वाचू लागला.

आता तारा. यंत्राच्या बाजूचे रंग बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात. पिवळी तार थेट बॅटरीची, तांबडी किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी, काळी गाडीच्या सांगाड्यास जोडावयाची. पांढरी पुढील डाव्या स्पीकरची, राखाडी पुढील उजव्या, हिरवी मागील डाव्या, जांभळी मागील उजव्या. ज्या तारेवर काळी रेघ ती त्या जोडीची ऋण बाजू. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग मात्र निराळेच असतात, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावून पाहावे. पिवळी व तांबडी यांची अदलाबदल झाली तर किल्ली काढताच यंत्र सर्व स्टेशने विसरते, किंवा रात्रभर वीज पीत राहून सकाळी बॅटरी उतरलेली आढळते. स्पीकरची ऋण तार सांगाड्यास जोडणे ही जुन्या रेडिओच्या काळातील सवय. नव्या यंत्रात तसे केल्यास यंत्र जळते. सर्व कामाआधी बॅटरीची ऋण बाजू सोडून ठेवावी.

गोव्यात आणखी एक शत्रू आहे. पावसाळ्यात येथील हवा इतकी दमट असते की उघड्या तांब्यास काही महिन्यांत हिरवा गंज चढतो, आणि डिचोली-साखळीकडील लोहखनिजाची तांबडी धूळ त्यावर बसते. दोन तारा पिळून काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची जी पद्धत रस्तोरस्ती दिसते, ती येथे दुसरा आषाढ पाहत नाही. चिकटपट्टी सुटते, तार तारेस लागते आणि क्वचित गाडीही पेटते. म्हणून वहीत आम्ही तांबड्या शाईने लिहिले आहे : मूळ तार कापावयाची नाही. गाडीच्या जोडणीस बसणारा तयार कपलर आणावयाचा, त्याच्या तारा यंत्राच्या तारांस मेजावर बसून झाळावयाच्या, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावयाची आणि मग केवळ कपलर गाडीत खोचावयाचा. कधी जुने यंत्र परत बसवावेसे वाटले तरी मार्ग खुला राहतो.

माइकच्या जागेसाठी आम्ही जो प्रयोग केला, त्याचे घरात अजून हसे होते. एका रविवारी पावसात आम्ही गाडी चालविली आणि पुतण्याने मोबाइल निरनिराळ्या ठिकाणी धरून आमचा आवाज मुद्रित केला. आम्ही सारखे "सात, साठ, सात, साठ" म्हणत होतो. घरी येऊन सौभाग्यवतींस न सांगता ऐकविले व ओळखावयास लावले. डॅशबोर्डवर पंख्याच्या वाऱ्याने सर्व बुडाले. उजव्या खांबावर खिडकीचा घोंघाव आला. आरशाजवळ, टपाच्या कडेस, काचेच्या वरच्या अंगाला धरलेल्या वेळी मात्र त्यांनी एकही चूक केली नाही.

पुतण्याने त्यामागील शास्त्रही सांगितले. जुन्या दूरध्वनीत ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी जातो. स्वर त्यात नीट बसतात, परंतु त आणि ठ यांतील भेद, ती फुटणारी हवा, बरीचशी त्याच्या वर असते आणि वाटेतच गळते. जुने ब्लूटूथही तेवढ्याच अरुंद पट्ट्यात बोलणे नेत असे. नंतरच्या आवृत्तीत रुंद पट्ट्याची, वाइडबँड नावाची सोय आली. ती आहे का, हे आम्ही खरेदीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घातले. वॅट पाचव्या क्रमांकावर आहेत.

येथवर आराखडा आला असता आमच्या वाचनात एक अहवाल आला आणि वहीची पाने उलटी फिरली. १९९७ साली टोरांटो येथील रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघा संशोधकांनी अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या २६,७९८ फोनांचा हिशेब मांडला. फोन चालू असताना टक्कर होण्याचा संभव सुमारे चौपट, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याहून बोचणारी गोष्ट ही, की हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांनी बोलणाऱ्यांस त्यात विशेष संरक्षण मिळालेले आढळले नाही. हात चक्रावर असतो, पण मन तांदळाच्या भावात असते. त्या दिवशी वळणावर आमचे दोन्ही हात मोकळे असते, तरी आम्ही मनाशी मागणी घोकतच होतो.

आम्ही काही दिवस वही मिटून ठेवली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, हे अधिक जड गेले. मग एक महिनाभर आम्ही गाडीत असताना आलेल्या प्रत्येक फोनाची नोंद ठेवली. उचलला एकही नाही, थांबल्यावर परत केला. महिन्याअखेर पाहिले, तर पंधरा मिनिटे थांबू शकले नसते असे फोन दोनच निघाले आणि ते दोन्ही घरचे होते. भाव कोणासाठी थांबत नाही हे आमचे वाक्य वहीतील नोंदींपुढे टिकले नाही. बेळगावचा अडत्या चोर्ला घाटात रेंज नसताना इतकी वर्षे थांबतच होता, हे आमच्या ध्यानी यावयास एवढा काळ लागला.

आता आराखडा असा आहे. स्टिरिओ एकेरी, माइक आरशाजवळ. मोबाइलवर अशी योजना करावयाची, की गाडी चालू असता घर आणि गोदाम या दोनच क्रमांकांची घंटा वाजेल आणि इतरांस "वाहन चालवीत आहे, थोड्या वेळाने बोलतो" असा लेखी निरोप आपोआप जाईल. त्या दोन क्रमांकांवरही बोलणे "थांबून बोलतो" या दोन शब्दांपुरते. थांबण्याच्या जागा ठरविल्या आहेत : अस्नोड्याचा बाजार, कोलवाळचा पूल ओलांडल्यावर, आणि धारगळ. मागणी मात्र यापुढे फोनवर तोंडी घ्यावयाची नाही, लिहून मागवावयाची. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाल्यावर धारगळकडील रस्त्यांची वळणे आम्हांस अनोळखी झाली आहेत, तेथे मार्ग सांगणारा आवाज उपयोगी पडेल. उरलेल्या वेळी पणजी आकाशवाणी आहेच. पोर्तुगीज अमदानीत जे केंद्र एमिसोरा दी गोवा म्हणून बोलत असे, तेच १९६१ नंतर आकाशवाणी झाले, असे आमचे वडील सांगत.

खर्चाचा अंदाज सात हजारांच्या आत आहे. कपलर, फ्यूज, आकसणाऱ्या नळ्या व मल्टिमीटर आणून झाले आहेत. मागील काचेखाली दोन मोठे स्पीकर बसवावेत असा पुतण्याचा आग्रह असून त्याने जागा मोजूनही ठेवली आहे; आम्ही तो विषय पुढील वर्षाच्या खात्यास ओढला आहे. पेडण्याच्या त्या गिऱ्हाइकास नवी पद्धत कळविली, तेव्हा त्यांनी लगेच लेखी मागणी पाठविली. तीत ७ हा आकडा लिहून पुढे कंसात अक्षरी "सात" असे लिहिले होते, आणि त्याखाली दोन वेळा रेघ ओढली होती.