चांगलं जनावर एका पिढीत तयार होत नाही

बकरी ईद जवळ आली की आपल्याकडे एकच विषय निघतो, बोकड केवढ्याला पडला आणि वजन किती भरलं? ते जनावर चांगलं निपजलं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज आम्ही गोमांसासाठी गुरं पैदा करणाऱ्या एका अमेरिकन घराण्याची माहिती देत आहोत.

टेक्सासच्या दक्षिणेला ‘किंग रँच’ आहे. रिचर्ड किंग या बोटीच्या कप्तानाने 1853 साली तिथे जमीन घेतली. आज पसारा सव्वाआठ लाख एकरांचा आहे आणि मालकी अजून त्याच घराण्याकडे आहे. 1885 मध्ये किंग वारल्यावर त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी जावयाच्या मदतीने 1925 पर्यंत कारभार सांभाळला.

या घराण्यापुढे एक अडचण होती. इंग्लंडकडच्या शॉर्टहॉर्न गुरांचं मांस उत्तम, पण टेक्सासचं ऊन आणि गोचीड त्यांना सोसत नव्हते. उपाय सापडला ब्रह्मन गुरांत. वशिंड, सैल कातडी, उन्हाला न डगमगणारी ही जात आपल्याच देशातल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोरे या गुरांपासून अमेरिकेत तयार झाली. यातलं कृष्णा खोरे जनावर तर महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचं.

दोघांच्या संकरातून 1920 साली ‘मंकी’ नावाचा लाल वळू जन्मला. किंग यांच्या नातवाने त्याचीच पैदास निवडून-निवडून वाढवली. जे वासरू कसोटीला उतरलं नाही, ते कळपात ठेवलं नाही. अखेर 1940 मध्ये ‘सांता गर्ट्रुडिस’ या नव्या जातीला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. तिच्यात साधारण आठातले पाच हिस्से शॉर्टहॉर्न आणि तीन हिस्से ब्रह्मन रक्त आहे.

यातून आपण काय घ्यायचं? महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा तो धंदा इथे नाही. पण मराठवाड्यातल्या अनेक घरांत उस्मानाबादी शेळ्या बापजाद्यांपासून आहेत. तिथे एक चूक सर्रास होते. कळपातला सगळ्यात देखणा बोकड ईदला चांगला भाव मिळतो म्हणून विकला जातो आणि उरलेला किरकोळ बोकड पैदाशीला राहतो. हे वर्षानुवर्षं चाललं की कळप आपोआप खालावतो.

उपाय अवघड नाही. उत्तम बोकड पैदाशीसाठी राखून ठेवा. त्याची बाकी पिल्लं खस्सी करून ईदला विका, खस्सी जनावराची कुर्बानी जायज आहे. बोकड स्वतःच्याच पाटींवर जाऊ नये म्हणून दर दोन वर्षांनी तो बदला, दुसऱ्या गावच्या पाहुण्यांशी अदलाबदल केली तरी चालेल. आणि एक वही ठेवा. कोणती शेळी कधी व्याली, किती पिल्लं झाली, त्यांचा बाप कोण, वजन किती, हे सगळं लिहून ठेवा.

कुर्बानीला आपण निरोगी, बेऐब जनावर शोधतो. ते बाजारात दिसावं असं वाटत असेल तर आधी गोठ्यात जपावं लागेल. यंदाच्या ईदला चार पैसे कमी मिळतील, पण मुलांच्या हाती कमजोर कळप जाणार नाही, इन्शाअल्लाह.