विश्लेषण : बिबट्याला बेशुद्ध करणारा डार्ट कसा भरतात? क्रम चुकला तर काय होते?

जुन्नर, आंबेगावात बिबट्या वस्तीत अडकला की जमावातून पहिली मागणी येते, ‘भुलीचे इंजेक्शन मारा’. वन विभागाचे पथक आल्यावरही काही मिनिटे बंदूक चालत नाही, म्हणून लोक चिडतात. त्या मिनिटांत नेमके काय चालते?

डार्ट म्हणजे काय?

डार्ट म्हणजे गोळी नव्हे, तर हवेतून जाणारी सिरिंज. प्लॅस्टिकच्या नळीत सरकता दट्ट्या असतो. त्याच्या पुढे औषध, मागे दाबाखालची हवा. सुईचे टोक बंद असते आणि औषधाची भोके तिच्या बाजूला असतात. त्यांवर सिलिकॉनची छोटी नळी चढवतात. सुई कातडीत शिरताच ही नळी मागे सरकते, भोके उघडतात आणि हवेच्या दाबाने औषध स्नायूत उतरते. मागचा रंगीत गोंडा डार्टला सरळ ठेवतो.

क्रम महत्त्वाचा का?

आधी दट्ट्या मोकळा सरकतो का, हे पाहतात. मग औषध भरून सुई घट्ट बसवतात. तिच्यावर सिलिकॉनची नळी आणि टोपण चढवतात. त्यानंतरच मागून हवा भरतात आणि शेवटी गोंडा लावतात. भोके उघडी असताना हवा भरली तर औषध भरणाऱ्याच्याच अंगावर उडू शकते, म्हणून हातमोजे लागतात. दट्ट्या अडकला तर डार्ट लागूनही औषध आत जात नाही. अर्धवट भुलीतला बिबट्या पथकासाठीही धोक्याचा ठरतो.

औषध कोणते?

बहुधा केटामाइन आणि झायलाझिन एकत्र देतात. मात्रा वजनाच्या अंदाजाने पशुवैद्यक ठरवतात. बंदुकीचा दाब अंतरानुसार ठेवावा लागतो. तो जास्त झाला तर जनावराला गंभीर इजा होते. नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर धरतात.

डार्ट लागल्यावर?

बिबट्या लगेच कोसळत नाही. भूल चढायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात तो उसात शिरला तर शोधणे अवघड, विहिरीत पडला तर बुडण्याची भीती. डोळे उघडेच राहतात, म्हणून ते कपड्याने झाकतात. श्वास आणि तापमानावर लक्ष ठेवतात. पकडलेल्या बिबट्यांना जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात नेले जाते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसेल, तरच मारण्याचा आदेश देता येतो. म्हणजे ठार मारण्याआधी डार्टचा विचार व्हावाच लागतो.

नागरिकांनी काय करावे?

वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पाठलाग, दगडफेक, आरडाओरडा टाळावा. बिथरलेला बिबट्या एका जागी थांबत नाही, मग नीट भरलेला डार्टही वाया जातो. पडलेला डार्ट सापडला तर हात लावू नये. त्यात औषध आणि दाब शिल्लक असू शकतो.