धावण्याआधी थांबणे

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारीच्या ब्रेकवर लेख पाहून काही भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. परंतु गणपतीपुळ्याला येणारा माणूस संस्कृतचा असो वा अर्थशास्त्राचा, कोणता तरी उतार उतरूनच येतो. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे या, निवळीहून जाकादेवीमार्गे या, नाहीतर कोल्हापूरहून आंबा घाट उतरून या. देव समुद्रकाठी बसला आहे आणि रस्ते डोंगरावरून येतात. त्या उतारावर आपला जीव ज्याच्या भरवशावर असतो, त्याची थोडी ओळख करून घ्यायला काय हरकत आहे?

निमित्त आमच्या मामाच्या गाडीचे. मामाचे घर गणपतीपुळ्याला, आणि अंगणात त्याची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. मूळची इटलीची फियाट अकराशे, १९७४ पासून ‘पद्मिनी’. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती सर्वांच्या ओळखीची होती. त्यातली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. पण ही साधी वाटणारी गाडी एके काळी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींतही धावली आहे. मामाच्या डोक्यात तेच वेड. त्याने हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले, एकाऐवजी दोन कार्बुरेटर बसवले. १०८९ सी.सी.चे ते इंजिन चढणीला असे काही ओढू लागले की मामाची छाती फुगली. ब्रेक मात्र होते तसेच राहिले.

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरचे लग्न आटोपून आम्ही चौघे आंबा घाट उतरत होतो. मामा वरच्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या वाटेत जळका वास आला. दोन वळणांनंतर पेडल पायाखाली मऊ लागले आणि पुढच्या वळणाआधी सरळ फळीला टेकले. मामी मागे ‘मोरया, मोरया’ म्हणत होती. मामाने खटाखट गिअर उतरवले, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीच्या ढिगाला घासून थांबवली. कोणाला खरचटलेही नाही, पण पाच मिनिटे कोणी बोललेही नाही. मग मामा म्हणाला, ‘‘हे ड्रम ब्रेक फेकून देतो. डिस्क बसवतो.’’

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांनी गाडी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘भाऊ, ब्रेकनं दगा दिला नाही. तुम्हीच त्याला दमवलात.’’ या वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला दोन आठवडे लागले. तोच येथे मांडतो.

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? गाडीच्या वेगातली ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलतो, आणि ती उष्णता हवेत सोडतो. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली तर सुमारे १ लाख ६७ हजार जूल उष्णता निर्माण होते. वेग ८० केला की ही उष्णता पाऊणपटीहून अधिक वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता उताराचा हिशोब पाहा. तीच गाडी २०० मीटर खाली उतरवायची, तर तिच्या वजनामुळे सुमारे साडेतेवीस लाख जूल मोकळे होतात. म्हणजे ताशी ६० वरून लागोपाठ चौदा वेळा थांबण्याइतके काम! चारही ड्रमांचे मिळून वीस किलो लोखंड धरले आणि सारी उष्णता त्यातच साठली, तर त्याचे तापमान अडीचशे अंशांनी चढेल. प्रत्यक्षात वारा काही उष्णता नेतो, आणि इंजिन खालच्या गिअरमध्ये असेल तर त्याच्या अडवणुकीने बराच भार ब्रेकवरून उतरतो. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. त्यामागचे शास्त्र हेच आहे.

ब्रेक तापला की दोन वेगवेगळे दोष उद्भवतात, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्यात पेडल कडकच राहते, पण गाडी थांबत नाही, कारण तापलेल्या लायनिंगची पकड कमी झालेली असते. दुसऱ्यात पेडल मऊ पडते आणि खाली जाते, कारण ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि आपला सारा जोर वाफ दाबण्यात वाया जातो. नेहमीच्या वापरातले ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. आमच्या पुळ्याच्या दमट हवेत मामाने ऑइल किती वर्षांत बदलले नव्हते, हे त्याला स्वतःलाही आठवेना. घाटातला अपराधी कोण, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

मग डिस्क ब्रेकचे काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि मोठे आहे. ड्रममध्ये शू आतून बाहेर दाबले जातात. फिरणारा ड्रम एका शूला आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे थोड्या जोरात काम भागते. पण ड्रम तापला की फुगून शूपासून दूर सरतो, आणि उष्णता आतच कोंडते. डिस्कमध्ये उघडी तबकडी दोन पॅडच्या चिमट्यात पकडली जाते. ती वाऱ्यावर लवकर निवते आणि भिजली तरी पाणी झटकून टाकते. इंग्लंडमध्ये लँचेस्टरने १९०२ सालीच डिस्कचे पेटंट घेतले होते. पण तिचा डंका वाजला तो १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. इटलीतील १९६६ च्या फियाट अकराशे ‘आर’लाही पुढे डिस्क होत्या. म्हणजे आपल्या पद्मिनीच्या सख्ख्या बहिणीला जे मिळाले, ते तिला मिळाले नाही.

परंतु डिस्क बसवणे म्हणजे नुसती तबकडी बदलणे नव्हे. डिस्क स्वतःहून पॅड ओढत नाही, म्हणून पायाचा जोर जास्त लागतो. त्यासाठी बूस्टर हवा. तो इंजिनाच्या निर्वातावर चालतो, आणि शर्यतीसाठी कॅमशाफ्ट बदललेल्या इंजिनात हा निर्वात कमी पडू शकतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे असतात, त्यांना ऑइल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडरही जुळता हवा. ड्रमसाठी पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप असेल, तर ती डिस्कच्या बाजूची काढावी लागते. नाहीतर पॅड सतत घासत राहतात. जुन्या चाकात कॅलिपर मावतो का, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचा तो तोल. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकांचा ब्रेक मागच्यापेक्षा जोरकस हवा. मागची चाके आधी लॉक झाली, तर गाडी गिरकी घेते. म्हणून फक्त मागे मोठा ब्रेक बसवणे हे शुद्ध अविचाराचे काम.

याहून एक गोष्ट मला सर्वांत आश्चर्याची वाटली. गाडी शेवटी थांबवतो तो टायर! चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ६० वरून थांबायला सुमारे २० मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ३५ च्या आसपास. त्याआधी डोळ्याने पाहून पाय हलेपर्यंतच्या एका सेकंदात १७ मीटर निघून गेलेले असतात. जो ब्रेक चाक लॉक करू शकतो, तो कितीही मोठा केला तरी हे अंतर घटत नाही. मोठा ब्रेक एकदा थांबण्यासाठी नसतो. तो पुन्हा पुन्हा थांबता यावे यासाठी असतो.

म्हणून जुन्या वेगवान गाडीसाठी क्रम असा ठरतो. प्रथम जे आहे ते नव्यासारखे करावे: गळके व्हील सिलिंडर, फुगलेले होज पाइप, गुळगुळीत लायनिंग बदलावे, ड्रम लेथवर समतोल करावेत, ताजे ऑइल भरून हवा काढावी. किनाऱ्यावर हे दर दोन वर्षांनी तरी तपासावे. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेने फुंकू नये, ओली करून पुसावी. दुसरी पायरी चांगल्या टायरची. तिसरी पायरी दुहेरी मास्टर सिलिंडरची. जुन्या अनेक गाड्यांत चारही चाकांना एकच मार्ग असतो, आणि एक पाइप फुटला की सारेच जाते. दुहेरीत निम्मे तरी उरते. पुढच्या डिस्कची पायरी चौथी, आणि ती जाणत्या हातानेच चढावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळे पडतील अशा बदलांना मनाई आहे, तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे हे बरे.

मामाने पहिल्या तीन पायऱ्या केल्या. गणेशोत्सवाआधी आम्ही पुन्हा आंबा घाट उतरलो, या खेपेस दुसऱ्या गिअरमध्ये. पेडल पहिल्या वळणाला होते तसेच शेवटच्या वळणाला होते. डिस्कचे पैसे मामाने बाजूला ठेवले आहेत. पण आता तो त्यांच्याविषयी बोलताना आवाज चढवत नाही.

ताकद वाढवली की आपण ती चढणीवर मिरवतो. तिची खरी परीक्षा उतारावर होते. आपल्या शिक्षणालाही हे लागू पडते का, ते मी प्राध्यापकांवर सोपवतो. मामी मात्र म्हणते की त्या दिवशी गाडी बाप्पाने थांबवली. मी वाद घालत नाही. एवढेच म्हणतो, की बाप्पाला दरवेळी तसदी देऊ नये; ब्रेक ऑइल वेळेवर बदलावे.